काडेचिराईत: ओळखायचं कसं, भिजवायचं किती, लावायचं कुठे

सोलापुरात दुकानात जाऊन नुसतं ‘किराईत द्या’ म्हणालात, तर पुडीत नेमकं काय आलं हे ती उघडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. दोन्ही कडूजहर, दोन्ही तापावरच्या म्हणून प्रसिद्ध आणि दोन्ही वाळवलेल्या. पण एक हिमालयातून येते आणि दुसरी आपल्याकडच्या बांधावरही उगवते.

हिमालयातलं ते काडेचिराईत. शास्त्रीय नाव स्वर्शिया चिरायिता, संस्कृतात किराततिक्त. काश्मीरपासून भूतानपर्यंत साधारण १२०० ते ३००० मीटर उंचीवर ते उगवतं. बाजारातला बराच माल नेपाळच्या डोंगरातून येतो. आपल्याकडचं ते पाले किराईत, म्हणजे काळमेघ. काही जण त्याला हिरवं किराईत म्हणतात.

सोलापुरात या गोंधळाला आणखी एक पदर आहे. पूर्व भागात तेलुगू बोलणारं घर नेलवेमु मागतं, अक्कलकोटकडचं कन्नड घर नेलबेवु मागतं. दोन्ही शब्दांचा अर्थ ‘जमिनीवरचा निंब’, आणि दोन्ही नावांनी मिळतो तो काळमेघ. पण संस्कृतातला ‘भूनिंब’ हा शब्दही अक्षरशः तोच, आणि ग्रंथांत तो काडेचिराईताला लावलेला आहे. त्यामुळे पुस्तकात भूनिंब वाचून दुकानात नेलबेवु मागितलं की वनस्पती बदलते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मधला मारुती, टिळक चौकाच्या आसपासच्या जुन्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात गेलात तर सरळ म्हणा, ‘काडेचिराईत, काड्यांचं. पाल्याचं नको. आणि दळलेलं नको, अख्खं दाखवा.’

हातात घेऊन पाहा

अख्खं मागायचं कारण एवढंच, की काडी खोटं बोलत नाही. चूर्णात काहीही खपतं.

काडी बोटांत धरा. खालचा भाग गोल, साधारण पेन्सिलीपेक्षा थोडा बारीक, गुळगुळीत, रंगाने पिवळसर तपकिरी ते जांभळट. शेंड्याकडे जाताना तीच काडी हळूहळू चौकोनी होते. आता ती मोडा आणि मोडलेलं टोक उजेडाकडे धरा. आत रुंद, पिवळसर, मऊ गाभा सलग दिसला पाहिजे. नखाने उचकटला तर तो सहज सुटून येतो. मूळ शिल्लक असेल तर ते फिकट तपकिरी, किंचित पिळवटलेलं, टोकाकडे निमुळतं, ५ ते १० सेंटिमीटर लांब असतं. पानं बहुधा चुरडलेलीच मिळतात. एखादं अख्खं सापडलं तर देठ नसतो, बुंध्याशी पान रुंद असतं आणि तिथूनच पाच-सात ठळक शिरा निघालेल्या दिसतात. बोंड अंड्याच्या आकाराचं, त्यात बारीक गडद बिया.

पाले किराईताची काडी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चौकोनी आणि वाळली तरी हिरवीच. त्याच्या शेंगा लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, सातूच्या दाण्यासारख्या पण बऱ्याच लांब. चूर्णच घ्यायची वेळ आली तर रंग पाहा: काडेचिराईताचं चूर्ण पिवळसर तपकिरी, काळमेघाचं हिरवट.

कधी कधी जुडीत मंजिष्ठेच्या बारीक जांभळट काड्या घुसडलेल्या असतात. त्या ओळखायला डोळ्यांपेक्षा जीभ बरी. जुडीतल्या वेगवेगळ्या तीन-चार काड्यांचे टवके चघळा. खरं काडेचिराईत दोन-तीन सेकंदांत बोलतं आणि मग बराच वेळ गप्प बसत नाही. पाडव्याचा कडुनिंब गुळाबरोबर निभावून जातो, हे तसं निभत नाही. ज्या काडीला चवच नाही ती मंजिष्ठा किंवा आणखी काही. मात्र काडेचिराईत की काळमेघ हा निवाडा चवीने होत नाही, तिथे काडीचा आकार आणि गाभाच पाहावा लागतो. स्वर्शियाच्याच दुसऱ्या, कमी कडू जातीही या नावाने येतात. काडी बरोबर दिसते पण कडूपणा फिका वाटला, तर तो माल सोडून द्यावा.

हा कडूपणा ज्या घटकांमुळे येतो त्यातलं एक अमारोजेंटिन. निसर्गात सापडणाऱ्या अतिकडू पदार्थांमध्ये त्याची गणना होते. ५ कोटी ८० लाख पट पाण्यात मिसळलं तरी जिभेला कळतं. सोलापूरकरांना टँकरच्या हिशेबात सांगायचं तर एक ग्रॅम अमारोजेंटिन, आणि १० हजार लिटरचे जवळजवळ सहा टँकर. काडीत ते अत्यल्प असतं, तरीही ‘जरा जास्त टाकू’ हा विचार इथे करू नये.

आणि कुटकी वेगळी. तीही हिमालयातली, तीही कडू, पण ती जमिनीतल्या खोडाचे बोटभर काळपट तुकडे असते आणि पोट साफ करण्याकडे तिचा जोर जास्त. काडेचिराईत नाही म्हणून कुटकी घेऊन येऊ नका.

आणल्यावर पहिलं काम

पहिल्या खेपेला ५० ग्रॅम पुष्कळ. हे झाड दोन-तीन वर्षं जगतं आणि औषधासाठी मुळासकट उपटलं जातं. बी सांडायच्या आत उपटलं की त्या उतारावर पुढचं झाड येत नाही, त्यामुळे डोंगरात ते कमी होत चाललंय. पोत्याने आणून माळ्यावर टाकायची ही वस्तू नव्हे.

जुडी सोडून परातीत पसरा. माती, दोरा, दुसरं गवत वेचून काढा. काड्या धुवायच्या असतील तर वाहत्या पाण्याखाली झटकन, कारण कडू घटक पाण्यात उतरतात आणि भिजत ठेवलं तर औषध मोरीत जातं. धुतल्यावर सावलीत पंख्याखाली वाळवा. सोलापूरच्या हवेत उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, श्रावण-भाद्रपदात तीन लागतात. काडी ‘कट्ट’ आवाज करून मोडली तर वाळली. वाकली तर अजून ओल आहे आणि बरणीत बुरशी धरणार.

कात्रीने एक-दीड इंचाचे तुकडे करा, काचेच्या कोरड्या बरणीत भरा, वर नाव आणि तारीख लिहा. वर्षभरात संपवा. दळून ठेवू नका. लागेल तसं कुटा.

कुटण्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. खलबत्ता वेगळा ठेवा. मिक्सरच्या भांड्यात फिरवलंत तर पात्याखालच्या रबरात ती धूळ बसते आणि पुढची शेंगाचटणी घरात कुणी खात नाही. चुकून झालंच तर मूठभर ज्वारी फिरवून टाकून द्या, मग गरम पाणी आणि साबण, मग पुन्हा ज्वारी. कुटताना नाका-तोंडावर रुमाल बांधा, नाहीतर उडालेली धूळ घशात जाऊन संध्याकाळचा चहासुद्धा कडू लागतो.

रात्री भिजवून सकाळी: हिम

नवख्याने इथूनच सुरुवात करावी. विस्तव नाही, करपणं नाही, मात्रा हातात राहते.

१. काड्यांचे तुकडे जाडसर ठेचा. पीठ नको, भरड. एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे २ ग्रॅम.

२. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात १०० मिली (अर्धा पेला) उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि त्यात भरड टाका. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम टाळा.

३. झाकून सात-आठ तास ठेवा. मे महिन्यात रात्रीही स्वयंपाकघर तापलेलं असतं, तेव्हा माठाशेजारी ठेवा. दहा-बारा तासांवर गेलं तर पाण्याला आंबूस वास येतो; तो आला की ओतून द्यायचं.

४. सकाळी दाट विणीच्या जुन्या पंचातून किंवा धोतराच्या फडक्यातून गाळा. टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. पाणी फिकट पिवळं, नितळ दिसलं पाहिजे.

५. त्यातलं ४० ते ५० मिली अनशापोटी घ्या. अर्धा तास काही खाऊ नका. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही, ते तोंड किंवा केस धुवायला वापरा.

पहिले दोन दिवस फक्त २० मिली घेऊन पाहा. मळमळलं, पोटात जळजळलं तर हे तुमच्यासाठी नाही. सोसलं तर पाच ते सात दिवस घ्या आणि थांबा. घराघरांत ‘वर्षभर रोज’ घेणारे सापडतात, तो पायंडा पाडू नये.

गूळ किंवा मध घालून चव मारायचा मोह होतो. पण भूक लागावी म्हणून घेत असाल, तर कडू चव जिभेला लागणं हाच कामाचा भाग आहे: कडू लागलं की तोंडाला पाणी सुटतं आणि पाचक रस पाझरायला लागतात. त्या हेतूने कॅप्सूल गिळण्यात फारसा अर्थ नाही. घेऊन झाल्यावर चूळ भरा. लगेच बडीशेप चघळली तर कडूपणा उलट जास्त जाणवतो, पाच मिनिटं थांबून चघळा.

काढा आणि चूर्ण

काढ्याचं जुनं प्रमाण सोपं: औषधाच्या सोळा पट पाणी आणि आटवून चौथा हिस्सा. १० ग्रॅम भरड, १६० मिली पाणी, मंद आचेवर उघड्या पातेल्यात ४० मिलीपर्यंत. वेळ वीस-पंचवीस मिनिटं. इतक्या थोड्या पाण्याला मोठं पातेलं घेतलं तर कडेने करपतं आणि काढा काळा होतो. चहाचं छोटं भांडं घ्या. पातळी कळावी म्हणून आधी ४० मिली पाणी ओतून लाकडी काडीने खूण करून ठेवा. बारीक पूड वापरली तर उतू जातो आणि गाळतानाही गढूळ राहतो. तयार काढ्याचे दोन भाग करून २० मिली सकाळी, २० मिली संध्याकाळी, जेवणाआधी. सुंठेचा छोटा तुकडा बरोबर उकळला तर मळमळ कमी होते.

चूर्णाची ग्रंथातली मात्रा १ ते ३ ग्रॅम. सुरुवात अर्ध्या ग्रॅमने, कोमट पाण्याबरोबर. बाजारातल्या महासुदर्शन चूर्णात काडेचिराईत हाच मुख्य घटक: बाकी सगळ्या औषधांचं मिळून जे वजन होईल त्याच्या निम्मं एकटं किराततिक्त घालावं, असं त्याचं माप आहे. त्यामुळे सुदर्शन चालू असताना वरून वेगळं काडेचिराईत घेऊ नका.

कुणी घ्यायचं नाही

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी नाही. लहान मुलांना वैद्याने सांगितल्याशिवाय नाही. पोटात किंवा आतड्यात अल्सर असेल तर नाही, त्रास वाढतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही, कारण काडेचिराईतही साखर खाली आणू शकतं. दोन्हींचा जोर एकत्र पडला की हातपाय थरथरतात, घाम सुटतो. तसं झालं तर आधी साखर खा, मग बाकीचं बघा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद.

तापाचं थोडं स्पष्ट बोलायला हवं. ‘ज्वरघ्न’, म्हणजे ताप घालवणारं, ही याची जुनी ओळख आहे आणि ती खोटी म्हणायचं कारण नाही. पण त्याच्यावरचं बरंचसं काम प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेलं आहे, माणसांवरचे मोठे अभ्यास फार थोडे. पावसाळा संपता संपता आपल्याकडे डेंग्यू-मलेरियाचे दिवस येतात. त्या दिवसांत ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर काढा उकळत बसू नका, रक्त तपासून घ्या. काविळीतही तेच: डोळे पिवळे दिसले की आधी निदान.

त्वचेसाठी

बाहेरून वापरताना जोखीम कमी, आणि आमच्या मते सोलापुरात याचा खरा उपयोग इथेच आहे. पारा ४२-४३ वर गेला की पाठीवर, मानेवर, कोपरांच्या खोबणीत घामोळं उठतं. २० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात दहा मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, दोनदा गाळा. अंघोळ झाल्यावर शेवटी हे पाणी घामोळ्यावरून हळूहळू ओता, आणि टॉवेलने घासू नका, नुसतं टिपा. त्यावर लगेच पावडर थापली तर केलेलं सगळं वाया. छिद्रं परत बुजतात. चार-पाच दिवस करा. फोड फुटलेला असेल, पू असेल, तर तिथे नको.

चेहऱ्यासाठी लेप. चूर्ण वस्त्रगाळ हवं, म्हणजे खरोखर फडक्यातून गाळलेलं. चाळणीने चाळलेल्या पुडीत काड्यांचे कुसळासारखे कण राहतात आणि ते गालाला ओरखडतात. एक चहाचा चमचा चूर्ण, दोन चमचे मुलतानी माती, चिमूटभर हळद, आणि लागेल तसं गुलाबपाणी. त्वचा कोरडी असेल तर माती एकच चमचा आणि गुलाबपाण्याऐवजी दही. लिंबू घालू नका, उन्हात फिरणाऱ्या चेहऱ्यावर ते डाग पाडतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावा, पंधरा मिनिटांनी धुवा आणि चोवीस तास वाट पाहा. लाल झालं, खाजलं तर तिथेच विषय संपला.

लेप तेलकट भागावर पातळ लावा. डोळ्यांभोवती दोन बोटं आणि ओठांभोवती एक बोट जागा सोडा. ओठांजवळची काळजी सौंदर्यासाठी नाही: एक ओघळ तोंडात गेला की जेवण होईपर्यंत चव जात नाही. पुस्तकात ‘पंधरा-वीस मिनिटं ठेवा’ लिहिलेलं असतं, पण आपल्या कोरड्या हवेत पंख्याखाली लेप सहा-सात मिनिटांत तडकायला लागतो. तडकण्याआधी, कडा फिकट पडायला लागल्या की लगेच, ओल्या बोटांनी सैल करून धुवा. तडकलेला लेप ओढून काढला तर मुरूम शांत व्हायच्या ऐवजी चिडतात. आठवड्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही. लेप धुऊन झाल्यावर नखांच्या कडा साबणाने घासा, नाहीतर पुढची भाकरी थापताना कळेलच.

याने रंग उजळतो म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा. तेलकटपणा कमी होतो, बारीक पुटकुळ्या बसतात, एवढं झालं तरी खूप.

केसांसाठी

कोंडा आणि डोक्याची खाज यावर १५ ग्रॅम भरड, ७५० मिली पाणी, दहा मिनिटं उकळून गार करून गाळलेलं. शाम्पूनंतर ओल्या डोक्यावर ओतायचं, बोटांनी कातडीला चोळायचं, दहा मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुवायचं. बोअरच्या जड पाण्याने केस आधीच राठ होत असतील तर शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या. धुवायचा कंटाळा करून तसंच ठेवलं तर रात्री घामाबरोबर ते कपाळावरून ओठांपर्यंत उतरतं, आणि पांढऱ्या उशीवर पिवळट डाग पडतो. जपानमध्ये याच कुळातल्या सेनबुरी नावाच्या वनस्पतीचा अर्क केसांच्या टॉनिकमध्ये घालतात. त्यावरून काडेचिराईताने टक्कल भरतं असं मात्र समजू नये.

तेल करायचं असेल तर काड्या तेलात तळून उपयोग नाही, कडू घटक पाण्यात जास्त उतरतात. म्हणून जुनी रीत पाण्याच्या वाटेने जाते: एक भाग कल्क (पाण्यात कालवलेला चूर्णाचा गोळा), चार भाग तेल, सोळा भाग काढा. घरच्यासाठी २५ ग्रॅम चूर्णाचा कल्क, १०० मिली तीळ तेल, ४०० मिली काढा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दीड-दोन तास ढवळत राहा. शेवटची दहा मिनिटं महत्त्वाची. तळाचा कल्क चमच्याने काढून बोटांत वळा: वात वळली गेली आणि ती विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, तर पाणी आटलं. त्याच सुमारास तेलावर फेस येतो. आधी उतरवलं तर ओल राहून तेल खवट होतं. नंतर उतरवलं तर कल्क जळून करपट वास लागतो आणि तो जात नाही. करडईचं तेल आपल्याकडे मुबलक आहे, पण ते लवकर खवटतं, तिळाचंच घ्या.

कुंडीत लावायचं म्हटलं तर

काडेचिराईत सोलापुरात जगत नाही, त्याला डोंगराचा गारवा लागतो. बियांच्या नावाखाली कुणी देत असेल तर ते बहुधा काळमेघाचं बी. तेच लावायचं असेल तर खुशाल लावा: मृगाच्या आसपास बी नुसतं मातीवर भुरभुरवा, खोल गाडू नका, निचऱ्याची कुंडी ठेवा, आणि तीन-चार महिन्यांनी फुलं दिसायला लागली की जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा. सावलीत उलटं टांगून वाळवा. बरणीवर मात्र ‘पाले किराईत’ असं पूर्ण नाव लिहा. दोन्ही बरण्या एकाच फळीवर असतील आणि एकीवर नुसतं ‘किराईत’ असेल, तर सहा महिन्यांनी घरातल्या दुसऱ्या माणसाला पुन्हा काड्या मोडून गाभा बघावा लागेल.